रावबहादूर धुरंधर आणि आपल्या खोलीतले चित्र

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा निरोप सेक्रेटरीबाईंनी पाठविला, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. मी चित्रकलेची मास्तरीण. तीस वर्षे मुलींना पेन्सिल कशी धरावी आणि रंगात पाणी किती घ्यावे हे सांगण्यात गेली. लिहिण्याचा सराव नाही. पण दिवाळीपूर्वी मंडळाच्या खोलीची साफसफाई झाली त्या दिवशीची एक गोष्ट मनात घोळत होती. ती सांगावी आणि तिच्या निमित्ताने एका थोर चित्रकाराची ओळख आपल्या भगिनींना करून द्यावी, असे ठरवून हा लेख लिहीत आहे. लेखात काही उणे राहिले तर सांभाळून घ्यावे.

आपल्या खोलीत शिवणयंत्रांच्या वरच्या बाजूस एक जुने चित्र टांगलेले होते, ते बहुतेकींना आठवत असेल. खिंडीत शिवाजी महाराज आणि बाजीप्रभू, भोवती मावळे. मंडळ स्थापन करणाऱ्यांपैकी एका काकूंनी जुन्या मासिकातले रंगीत पान काढून ते काचेत बसवून दिले होते. भिंतीला ओल आली, काचेला तडा गेला, चौकटीत कसर शिरली. साफसफाईच्या दिवशी कोणीतरी सुचविले की हे आता रद्दीत द्यावे आणि बाजारातून नवे चकचकीत चित्र आणावे. मीही मान डोलावली. मग चित्र खाली उतरविले, पदराने काच पुसली, आणि कोपऱ्यात इंग्रजीतली एक बारीक सही दिसली. ती वाचल्याबरोबर मला माझीच लाज वाटली. सही होती एम. व्ही. धुरंधर यांची. इतकी वर्षे या चित्राखाली बसून मी मुलींना रांगोळी शिकविली आणि ते कोणी काढले हे एकदाही पाहिले नव्हते!

महादेव विश्वनाथ धुरंधर यांचा जन्म १८ मार्च १८६७ रोजी कोल्हापुरात झाला. ज्या पन्हाळगडावरून महाराज आषाढातल्या रात्री निसटले, तो कोल्हापूरपासून जवळच. त्या मुलुखात वाढणाऱ्या मुलाच्या कानावर पन्हाळा, विशाळगड आणि खिंड ही नावे लहानपणापासूनच पडत असणार. मुलाचा हात चित्रात चांगला होता. त्या काळी चित्र काढून पोट भरते यावर घरच्यांचा विश्वास बसणे कठीण. तरीही जानेवारी १८९० मध्ये ते मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. त्या वेळी तेथे जॉन ग्रिफिथ्स हे प्रमुख होते. अजिंठ्याच्या लेण्यांतील भित्तिचित्रांच्या नकला विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन करविणारे ते हेच ग्रिफिथ्स.

या शाळेत शिकविण्याची पद्धत विलायती होती. आधी प्लास्टरच्या पुतळ्यांवरून रेखाटन, मग समोर जिवंत माणूस बसवून त्यावरून अभ्यास, मग छायाप्रकाश, मग रंग. हाडे कोठे, स्नायू कोठे, वस्त्राची चुणी कोठून उठते आणि कोठे मावळते, हे सगळे डोळ्यांनी पाहूनच कागदावर उतरवायचे. धुरंधरांनी ही विद्या अशी आत्मसात केली की माणसाच्या शरीराची कोणतीही ठेवण त्यांच्या हाताला अवघड राहिली नाही. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ साली निघाली होती. तिच्या प्रदर्शनांत गोऱ्या चित्रकारांचे वर्चस्व असे. तेथे या कोल्हापूरच्या तरुणाने बक्षिसे मिळविली. आणि भगिनींनो, त्यांना पहिले नाव मिळाले ते लढायांच्या चित्रांनी नव्हे. घरात वावरणाऱ्या, कामात गुंतलेल्या स्त्रियांची चित्रे काढून त्यांनी ते मिळविले. स्वतःच्या पत्नीला समोर ठेवून त्यांनी पुष्कळ रेखाटने केली. हे ध्यानात ठेवावे. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

शिक्षण पुरे झाल्यावर त्याच शाळेत ते शिक्षक झाले, आणि पुढे बढती मिळत मिळत मुख्याध्यापक झाले. १९३० साली काही काळ त्यांच्याकडे संचालकपदाचा कार्यभार आला; त्या खुर्चीवर बसणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. सरकारने त्यांना रावबहादूर हा किताब दिला. जानेवारी १९३१ अखेर ते निवृत्त झाले. विद्यार्थी म्हणून पाऊल टाकले तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत एकेचाळीस वर्षे एकाच वास्तूत! म्हणून १९४० साली त्यांनी आपल्या आठवणींचे पुस्तक लिहिले त्याचे नावही ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ असेच ठेवले. मी पुण्याला ए. टी. डी. करीत असताना ते वाचले होते. चित्रकाराने मराठीत आपली हकिगत इतक्या सविस्तर लिहून ठेवावी हे त्या काळी विरळाच.

आता ऐतिहासिक चित्रांकडे वळू. युरोपात लढायांची चित्रे काढणाऱ्यांची एक मोठी परंपरा होती. फ्रान्समध्ये एदुआर देताय म्हणून चित्रकार होऊन गेला. त्याचा जन्म १८४८ चा, मृत्यू १९१२ चा. १८७० साली फ्रान्स आणि प्रशिया यांचे युद्ध पेटले, तेव्हा तो स्वतः सैन्यात होता. पुढे त्याने सैनिकांचे जुने गणवेश, तलवारी आणि बंदुका यांचा मोठा संग्रह केला. चित्रात एखाद्या पलटणीची बटणे दाखवायची तर ती बटणे हातात घेऊन पाहायची, अशी त्याची शिस्त. १८८८ साली त्याने ‘स्वप्न’ नावाचे चित्र काढले. उघड्या माळावर शिपाई झोपले आहेत आणि आभाळातून पूर्वजांच्या विजयी फौजा जात आहेत. हरलेल्या देशाने जुन्या पराक्रमाचे पाहिलेले ते स्वप्न होते. आज ते पॅरिसच्या संग्रहालयात आहे.

आपल्या धुरंधरांची अडचण याहून मोठी होती. देतायने पाहिलेले युद्ध त्याच्या उमेदीतले, त्याच्या डोळ्यांदेखतचे होते. धुरंधरांनी कोणतीही लढाई पाहिली नव्हती. ज्या मावळ्यांची चित्रे काढायची, ते दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी मातीत मिळालेले. महाराजांची समकालीन चित्रे थोडीतरी आहेत. परंतु बाजीप्रभूंचे त्यांच्या हयातीत काढलेले चित्र कोणाला ठाऊक नाही. गणवेश म्हणावा तर मावळ्यांना तो नव्हताच. मग चेहरे आणायचे कोठून?

याचे उत्तर धुरंधरांच्या रेखाटनाच्या वह्यांत सापडते. मुंबईच्या रस्त्यांवर, बाजारांत, देवळांपाशी जी माणसे दिसत ती ते कागदावर टिपून ठेवीत. कोण कसे उकिडवे बसते, ओझे घेतलेला माणूस कोणत्या पायावर भार देतो, पागोटे कोणते आणि ते कोठे कलते, हे सर्व त्यांच्या वह्यांत होते. मुंबईचे पोलीस कमिशनर एडवर्ड्स यांनी मुंबईच्या गल्लीबोळांविषयी पुस्तक लिहिले. त्यासाठीही धुरंधरांनीच चित्रे काढली. जिवंत माणसांच्या अशा अभ्यासावर त्यांनी इतिहासातली माणसे उभी केली. म्हणून त्यांच्या चित्रातली गर्दी ही नुसती गर्दी वाटत नाही; प्रत्येक जण आपापल्या जागी, आपापल्या विचारात असतो.

त्यांनी शिवराज्याभिषेकाचे चित्र काढले. ६ जून १६७४ रोजी रायगडावर जो सोहळा झाला, त्याला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन हजर होता आणि त्याने लिहून ठेवलेला वृत्तांत उपलब्ध आहे. दरबाराचे चित्र काढणाराला असा काही आधार तरी असतो. खिंडीतल्या प्रसंगाला तसा डोळ्यांनी पाहून लिहिणारा कोण असणार! तेथे चित्रकाराने आपल्या मनाचाच आधार घ्यायचा.

हे सगळे इंग्रजी अमदानीत चालले होते हेही विसरू नये. लोकमान्य टिळकांनी शिवजयंतीचा उत्सव सुरू करून फार वर्षे झाली नव्हती. महाराष्ट्राला आपल्या गतकाळाकडे डोळे भरून पाहावेसे वाटू लागले होते. वाचता न येणाऱ्याला बखर कळत नाही, पण चित्र कळते. सरकारी कलाशाळेत नोकरी करणाऱ्या धुरंधरांनी विलायती पद्धतीचे शिक्षण घेतले आणि त्याच विद्येने मराठ्यांचा राजा सिंहासनावर बसलेला दाखविला. घराघरांतल्या भिंतींवर महाराज येऊन बसले त्यात अशा चित्रांचा वाटा मोठा आहे.

औंधचे राजेसाहेब बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार आणि चित्रकारांचे चाहते. १९३८ साली त्यांनी औंधला श्रीभवानी संग्रहालय उघडले. धुरंधरांची चित्रे तेथे आहेत. आपले भोर पंतसचिवांचे, औंध पंतप्रतिनिधींचे. दोन्ही संस्थाने १९४८ साली विलीन झाली. पण औंधच्या टेकडीवरचा तो खजिना आजही कोणालाही पाहता येतो. मी निवृत्तीनंतर एकदा जाऊन आले. छापील पानावर अंगठ्याएवढे दिसणारे चेहरे खऱ्या चित्रात किती बोलके असतात, हे तेथे कळले. मंडळाची पुढची सहल तिकडे काढावी अशी माझी सूचना आहे.

आता ज्या गोष्टीचा संबंध पुढे येईल म्हणून मी म्हटले होते ती गोष्ट. धुरंधरांनी जितक्या हौसेने तलवारी रंगविल्या, तितक्याच हौसेने आपली घरे रंगविली. श्रावण आला की आपण कहाण्या वाचतो. आदित्यराणूबाईची, सोमवारची, दिव्यांच्या अवसेची. किंकेड नावाच्या इंग्रज न्यायाधीशाने या कहाण्या इंग्रजीत सांगितल्या आणि १९१४ साली त्यांचे पुस्तक निघाले. त्याची चित्रे धुरंधरांची. उंदरांवर आळ घेणारी सून आणि तिच्यावर उलटलेला तो आळ दूरदेशीच्या मुलांनी चित्रांसकट पाहिला! पुढे १९२० च्या सुमारास रॉथफेल्ड यांचे हिंदी स्त्रियांविषयीचे मोठे पुस्तक आले, त्यात धुरंधरांची अठ्ठेचाळीस रंगीत चित्रे आहेत. प्रांतोप्रांतींच्या, जातीजमातींच्या बायका. कोणाचे नेसणे कसे, नथ कशी, चालताना पदर कसा घेतलेला, हे पाहावे ते त्यात. आज कोणा मुलीला शंभर वर्षांपूर्वीचे नेसणे समजून घ्यायचे असेल तर त्या चित्रांपुढे बसावे.

मोठ्या माणसाने लहान कामाला कमी लेखू नये, हेही त्यांच्याकडून शिकावे. त्यांनी पोस्टकार्डांसाठी चित्रे काढली, कॅलेंडरांसाठी काढली. बाळाला ग्राईप वॉटर पाजताना बाटली हातात घेतलेली नाही अशी आपल्यात कोण आहे? त्या वुडवर्ड्सच्या कॅलेंडरासाठीसुद्धा १९२० नंतरच्या दशकात धुरंधरांनी बाळकृष्ण रंगविला होता. इकडे नव्या दिल्लीत सचिवालयाच्या भिंती सजविण्याचे काम निघाले, तेव्हा तेथेही ते होतेच. कॅलेंडर असो की राजधानीची भिंत, रेषा तीच.

आता माझा एक अपराध कबूल करते. शिक्षण घेताना आम्हांला नव्या चित्रकलेचे वारे लागले होते. असल्या चित्रांना आम्ही कॅलेंडरची चित्रे म्हणून नाक मुरडीत असू. पुढे मी शिकवू लागले. एकदा सहावीतल्या एका मुलीने पाठ्यपुस्तकातले चित्र दाखवून विचारले, बाई, बाजीप्रभू खरोखर असे दिसत होते का? तास संपत आला होता. मी हो म्हणून टाकले. मुलगी वही घेऊन बसली आणि तसाच चेहरा काढू लागली. दोन चुका मी एका शब्दात केल्या. एक, चित्राला इतिहास म्हटले. दुसरी, चित्रकाराचे नाव सांगितले नाही. तिला असे सांगायला हवे होते, की बाजी कसे दिसत हे कोणालाच माहीत नाही; एका माणसाने पुष्कळ माणसे निरखून पाहिली आणि आपल्यासाठी हा चेहरा घडविला. त्याने तिचा बाजींविषयीचा आदर कमी झाला नसता. उलट चित्राविषयीचा वाढला असता.

बाजीप्रभू आपल्या हिरडस मावळातले, भोर तालुक्यातल्या शिंद गावचे. बांदलांच्या पदरचे. जुलै १६६० मध्ये सिद्दी जौहरचा पन्हाळ्याला वेढा होता. आषाढी पौर्णिमेच्या रात्री महाराज भर पावसात बाहेर पडले ते बांदलांच्या जमावासह. महाराज विशाळगडावर पोहोचेपर्यंत घोडखिंड अडवून धरायची होती. बाजींनी ती धरली आणि देह ठेवला. घोडखिंडीची पावनखिंड झाली. पुढे दरबारात तलवारीच्या पहिल्या पानाचा मान जेध्यांकडून बांदलांकडे गेला, असे आपल्याकडे सांगतात. कारीचे जेधे काय, पिसावऱ्याचे बांदल काय, दोन्ही घराणी आपलीच. तिकडे वेल्ह्याच्या बाजूला राजगड आणि तोरणा उभे आहेत. राजगडाच्या पायथ्याशी पाल येथे सईबाईसाहेबांची समाधी आहे.

ते चित्र खाली उतरवून मी बराच वेळ पाहत बसले आणि एक विचार मनात आला. आषाढी पौर्णिमा म्हणजे आपल्याकडे भातलावणीचे दिवस. ज्या दिवशी बांदलांचे मावळे खिंडीत उभे होते, त्याच सकाळी त्यांच्या बायका इरली डोक्यावर घेऊन गुडघाभर चिखलात आवणे लावीत असतील. पन्हाळ्याची खबर हिरडस मावळात पोहोचायला किती दिवस लागले असतील? तोवर त्या खाचरात वाकूनच असतील. खबर आली तरी लावणी थांबवून चालले नसेल. लावणी थांबली तर वर्षभर खायचे काय? त्या चित्रात त्या नाहीत. कोठल्याच चित्रात नाहीत. पण ज्या हाताने बाजी रंगविले त्याच हाताने घरात राबणाऱ्या बायका रंगविल्या, त्या कामातली त्यांची वाकलेली पाठ पाहिली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटली. लढाईची चित्रे काढणारे पुष्कळ असतात. लढाईला गेलेल्या माणसामागे घर असते हे जाणणारे थोडे.

धुरंधर १ जून १९४४ रोजी निवर्तले. त्यांच्या कन्या अंबिका धुरंधर यांनीही जे. जे. कलाशाळेत शिक्षण घेतले आणि त्या स्वतः चित्रकार झाल्या. मुलीने चित्रकलेचे शिक्षण घ्यावे हे त्या काळी सर्वमान्य नव्हते. पण वडिलांनी तिला आपली विद्या दिली. अंबिकाबाईंना दीर्घ आयुष्य लाभले. २००९ साली त्या गेल्या. वडिलांच्या चित्रांची आणि कागदपत्रांची जपणूक त्यांनी आयुष्यभर केली, आणि ‘माझी स्मरणचित्रे’ या नावाने आपल्या आठवणीही लिहून ठेवल्या. वडिलांचे नाव मुलीने राखले, असे हे उदाहरण आपल्या मंडळात सांगण्याजोगे आहे.

असो. आपल्या खोलीतल्या चित्राचे काय झाले ते सांगून लेख पुरा करते. ते रद्दीत गेले नाही. माझ्या घरी आणून मी चौकट उघडली, कसर झटकली, मागे नवा पुठ्ठा घातला. ओलीचा डाग उजव्या बाजूस राहिला आहे. तो जात नाही, आणि वर रंग लावून तो झाकण्याचे धाडस मी केले नाही. नवी काच बसवून आणली. चौकटीच्या खाली एक पट्टी चिकटविली आहे. तीवर मराठीत लिहिले आहे: पावनखिंड. चित्रकार म. वि. धुरंधर, जन्म १८६७, मृत्यू १९४४. बाजीप्रभूंचा चेहरा कल्पनेने काढलेला आहे. ही शेवटची ओळ कशाला, असे एकदोघींनी विचारले. तिचे कारण वर सांगितलेच आहे.

वर्धापनदिनाच्या हळदीकुंकवाला आपण याल, तेव्हा चित्र पुन्हा शिवणयंत्रांच्या वर, पण या खेपेस ओल नसलेल्या भिंतीवर दिसेल. बरोबर लेकी-नातींना आणावे. त्यांनी काही विचारले तर घाईने हो म्हणू नये. पट्टी त्यांच्याकडूनच वाचून घ्यावी.